अर्ध्या तासाची मळमळ

आमच्या धावपट्टीवर जो सगळ्यांत हळू उडतो तो सगळ्यांत हुशार समजला जातो. डेल्बर्टच्या दोन आसनी विमानाचं भाडं इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतं आणि वहीत तास लिहायचे ते घड्याळाप्रमाणे. त्यामुळे इंजिन जेमतेम गुणगुणेल इतकंच चालवायचं आणि आकाशात लोंबकळत राहायचं. खालच्या रस्त्यावर गव्हाचे ट्रक आम्हाला मागे टाकून जातात. आमची काही तक्रार नसते. आम्हाला पोचायचं कुठेच नसतं. आम्हाला फक्त पंधराशे तास हवे असतात, कारण त्याखाली प्रवासी विमान कंपनी माणसाला दारात उभं करत नाही.

दुसरी युक्ती जोडीची. एकाने डोळ्यांवर झापड लावायची, म्हणजे समोरचे काटे सोडून काही दिसत नाही, आणि नुसत्या काट्यांवर विमान चालवायचा सराव करायचा. शेजारी दुसरा वैमानिक बसून बाहेर लक्ष ठेवतो. कायद्याने दोघांनाही तास लिहिता येतात. एकाच पेट्रोलात दोघांचं भागतं. असं लग्नातही होत नाही. अट एकच. बाहेर बघणाऱ्याचे तास पहिल्याच्या डोळ्यांवर झापड असेपर्यंतच मोजायचे. झापड काढली की शेजारचा माणूस म्हणजे सामान.

माझी जोडी जनेल कोएनशी होती. ती आठवड्यातून तीन दिवस दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. मी, एल्डन श्राग, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. तीन वर्षांपूर्वी आम्ही सारख्याच तासांवर होतो. मग शेजारच्या गावात लोकांना पॅराशूटच्या उड्या मारायला वर नेणाऱ्यांनी तिला शनिवार-रविवारी विमान चालवायला घेतलं. तास फुकट, वर दुपारचं जेवण. अर्ज मीही केला होता. मालक म्हणाला, "तू उड्या मारणाऱ्यांना आधी धडा शिकवशील, मग दार उघडशील."

तरी मी मागे राहिलो नाही. शाळेच्या सुट्ट्या, बायकोचा संयम, सगळं पेट्रोलात ओतलं आणि जवळजवळ बरोबरी केली. जवळजवळ. तिचं विमान उतरायला लागलं की डेल्बर्ट कॉफीचा कप घेऊन बाहेर येऊन बघायचा. माझं उतरायला लागलं की आत जायचा. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिचे तास भरले होते चौदाशे अठ्ठ्याण्णव. माझे त्याहून बारा मिनिटांनी कमी. ती बारा मिनिटं माझ्या दाढेत काडीसारखी अडकली होती, आणि दात साफ करणारी बाई शेजारी बसलेली असून उपयोग नव्हता.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पंधराशेची वही पाठवली तर सोमवारच्या तुकडीत जागा पक्की होती, दोघांनाही. पुढची तुकडी कधी, ते कंपनीलाच ठाऊक नव्हतं. आता विमान कंपनीत जो आधी शिरतो तो निवृत्त होईपर्यंत पुढे असतो: सुट्ट्या, मार्ग, नाताळ, सगळं आधी त्याचं. एकाच तुकडीतल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावतात. आणि अग्निशमन दलाच्या सोडतीत लागोपाठ दोन वर्षं बक्षिसाची रजई जनेललाच लागली, हे मला कोणी सांगायला नको होतं.

पाळी माझी होती. मी डावीकडे बसलो आणि वर चढून झाल्यावर झापड लावली. दोन तास चोवीस मिनिटं उडायचं, म्हणजे दोघांचंही होऊन थोडं उरतं, असा हिशेब जनेलने नॅपकिनवर मांडून दिला होता. तिचा स्वभाव तसाच, मदतीचा. त्याचाही मला त्रास व्हायचा.

"आज काय सुंदर दिसतंय रे खाली," ती म्हणाली. "गहू पिवळा पडायला लागलाय."

तीन वर्षांत मी अर्धं कॅन्सस तिच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्या वाट्याला सहा काटे.

झापड लावून दीड तास झाला. तिला आता अर्धा तास हवा होता. मलाही तेवढाच, कारण जमिनीवर फिरण्याचा आणि वर चढण्याचा वेळ फक्त चालवणाऱ्याला मिळतो. मी झापड काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं?"

"मळमळतंय. सकाळचा कोबी-खिम्याचा पाव असणार. बाहेर बघत चालवलं की बरं वाटेल."

आजवर कोणी नुसती झापड काढून इतकी मोठी चोरी केली नसेल. मी चालवत राहिलो तर माझे तास सुरू, तिचे बंद. पेट्रोल जेमतेम परत जाण्यापुरतं, आणि दुपारी पाचपर्यंत तिला दवाखान्यात लोकांचे दात. मी गव्हाकडे पाहिलं. खरंच सुंदर होता.

जनेलने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा झापडीकडे, एकदा घड्याळाकडे.

"विमान माझं," ती म्हणाली.

इथे सांगायला हवं की हे दोन शब्द ऐकले की वैमानिकाने हात सोडून "विमान तुझं" म्हणायचं असतं. दोघांनी एकदम चालवू नये म्हणून पहिल्या दिवसापासून हे डोक्यात ठोकून भरतात. झोपेतून उठवलं तरी तोंडातून तेच निघतं.

"विमान तुझं," मी म्हणालो, आणि हात सोडले.

मग माझ्या लक्षात आलं. जो एकटा चालवतो, तास त्याचे. शेजारचा डोळे उघडे ठेवून नुसता बसलाय, म्हणजे सामान.

"अगं, आता बरं वाटतंय मला."

"रंग बघ तुझा. पांढरा पडलायस. ही पिशवी धर."

"खरंच बरं वाटतंय."

"आजारी माणसाच्या हातात विमान दिलं तर डेल्बर्ट माझं कातडं सोलेल. बोलू नकोस, दीर्घ श्वास घे."

पांढरा पडलो होतो हे खरं होतं. तिने इंजिन आणखी हळू केलं. बेचाळीस मिनिटं मी तोंडासमोर कागदी पिशवी धरून बसलो आणि ती वाऱ्यावर पान ठेवावं तशी उतरली. डेल्बर्ट कप घेऊन बाहेर उभाच होता.

ती पंधराशेच्या पुढे. मी अर्धा तास अलीकडे. घड्याळात साडेबारा.

"डेल्बर्ट," मी म्हणालो, "पेट्रोल भरा आणि मला अर्धा तास द्या. पस्तीस मिनिटं धरा."

"जनेलने रेडिओवर कळवलंय तू ओकत होतास म्हणून."

"ओकलो नाही."

"मग पिशवी का धरून चाललायस?"

पिशवी अजून माझ्या हातात होती. जनेल पंखाला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा इतका काळजीचा होता की मला घाम फुटला. मी आजारी नव्हतो, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर किल्ली मिळाली असती. पण त्यानंतर झापड का काढली याचं आणखी एक वाक्य म्हणावं लागलं असतं, तेही तिच्यासमोर.

पाच वाजायला साडेचार तास होते. माझ्याकडे वेळ भरपूर होता. मी पिशवीची घडी घातली.

"मळमळतंय अजून," मी म्हणालो.

"म्हणजे झालं तर," डेल्बर्ट म्हणाला आणि किल्ली खिळ्याला अडकवून आला.

धावपट्टीवरच्या खानावळीत शुक्रवारी बटाट्याच्या लगद्यावर कोंबडी आणि शेवया मिळतात. जनेलने स्वतःसाठी ताट मागवलं आणि माझ्यासाठी कोरडी खारी बिस्किटं. वहीत शेवटची ओळ लिहिली, बेरीज केली, वही मिटली. मग ताटावरून वर न बघता, मीठ मागावं इतक्या सहज म्हणाली:

"एल्डन, झापड लावूनही ओकता येतं रे."

मी बिस्किट खाल्लं. तिने मध्येच ताट माझ्याकडे सरकवलं, पण मी आजारी होतो.