रंगूबाईच्या जागेवरची गोणी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी गोणी आहे. ओली झाले की वास मारते, वाळले की टोचते, ते मलाही ठाऊक आहे. पण नाशिकच्या रविवारच्या शेतकरी बाजारात माझ्यावाचून रंगूबाईचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म तागाचा. चांदवडकडचे कांदे वाहता वाहता माझी कड फाटली आणि लोक मला उकिरड्यावर टाकायला निघाले. मखमलाबादच्या रंगूबाईनं मला मागून घेतलं. शिवण उसवून ऐसपैस केलं, धुतलं, उन्हात घातलं आणि बाजारात नेलं. तिच्या मळ्यातली मेथी, वालपापडी, हिरवा हरभरा माझ्यावर मांडला जाऊ लागला. थंडीत तर विचारूच नका! मटाराचा ढीग लागला की गिऱ्हाइकं तुटून पडत. गाड्यांतून उतरलेल्या बायका जुडी उलटीपालटी करून म्हणत, "रंगूबाई, तुमच्यासारखी मेथी कुठे मिळत नाही हो." मग रंगूबाई फुलून यायची आणि वर मूठभर कोथिंबीर टाकायची.

शेजारी वडाळ्याची शकीला पुदिना, लिंबं, आलं घेऊन बसे. दोघींचं मेतकूट असं, की जी आधी येईल तिनं दुसरीचीही गोणी अंथरायची. आमच्या बाजारात जागेला नंबर नाहीत. अंथरलेली गोणी म्हणजे माणूस बसलेलं. तिच्यावर कुणी पाय देत नाही. तिची घडी घातली, तर समजायचं की माणूस एक तर गेलं, नाहीतर स्वखुशीनं उठलं.

श्रावणात रंगूबाई विहिरीपाशी घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आदल्या बाजारी शकीलानं दोन्ही गोण्या एकत्रच गुंडाळून नेल्या होत्या, म्हणून मी तेव्हा तिच्याकडेच होते. दर रविवारी ती मला अंथरायची, वर पुदिन्याची जुडी ठेवायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "अक्का येणारेत. पाय बरा होऊ द्या." मी रिकामी पडून असायचे, पण जागा टिकून होती.

दसऱ्याच्या सुमारास रंगूबाईचा मुलगा समाधान आला. हा अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याचे साहेब लोक भाजीला इथंच येत, आणि आई जमिनीवर बसलेली त्यांना दिसते याची त्याला लाज वाटे. आईचं ओझं उतरवून देताना तो डोक्यावरचं हेल्मेट काढत नसे, हे मी खालून कितीदा पाहिलंय.

"मावशी, आई आता बसणार नाही," तो शकीलाला म्हणाला. "तिनंच सांगितलंय, गोणी उचला म्हणून."

"मी एकदा फोन करते अक्कांना."

"नको. बाजाराचं नाव काढलं की रडते ती. कशाला त्रास?"

शकीलानं विश्वास ठेवला. पोटचा पोरगा आईबद्दल खोटं कशाला बोलेल? डोळे पुसत तिनं माझी घडी घातली. फेकून देववेना, म्हणून स्वतःच्याच बुडाखाली घेतली. पुढच्या रविवारी आमच्या जागेवर ड्रॅगनफ्रूटवाल्याचं टेबल लागलं.

आणि मार्गशीर्षात रंगूबाई आली! पोराला न सांगता, काठी टेकत, रिक्षातून मेथीचं गाठोडं घेऊन. तिनं आधी ते टेबल पाहिलं, मग शकीलाच्या खाली मला पाहिलं.

"माझी गोणी तुझ्या बुडाखाली, शकीला? मी मेले का गं?"

"अक्का, खुदा की कसम, समाधान येऊन बोलला, तुम्ही जागा सोडली म्हणून."

"मला तर तो म्हनला, जागा शकीला सांभाळती, तू निवांत पड."

भोवती 'मटार कसा दिला?'चा गलका चालूच होता. घे ना रंगूबाई, चारचौघांत त्या पोराचं नाव, असं मला ओरडावंसं वाटलं. पण गोणीला कुठलं तोंड!

रंगूबाई कशीबशी खाली वाकली आणि शकीलाच्या कानाशी म्हणाली, "तू खरं बोलती, कळतंय मला. पन पोराला खोटं पाडून सांजच्याला मी जाऊ कुठं? त्याच्याच घरात ऱ्हायचं हाय मला."

तेवढ्यात पलीकडच्या बायडाबाईनं विचारलंच, "रंगूबाई, तुमची जागा घालवली कुणी?"

रंगूबाई काठीच्या आधारानं सरळ झाली. "शकीलानं," ती मोठ्यानं म्हणाली.

शकीला मान खाली घालून पुदिना निवडू लागली. मेथीचं गाठोडं तिच्यापुढे ठेवून रंगूबाई गेली, ती पुन्हा आली नाही. शकीला अजून सगळ्या बाजाराची बोलणी खाते आणि तोंड उघडत नाही. माझा जीव जळतो, पण करू काय?

मित्रांनो, आम्हा गोण्यांना जपा असं मी म्हणत नाही. आम्ही फाटण्यासाठीच जन्मलो. पण जित्याजागत्या माणसाच्या नावानं दुसरंच कुणी 'त्याला आता नको' म्हणालं, तर त्या माणसाच्या दारात जाऊन त्यालाच एकदा विचारा. सांगणारा पोटचा पोरगा असला, तरी विचारा.