पिसासारखी हलकी

मित्रांनो, अंगणातल्या पेकानच्या झाडापाशी पत्र्याची एक होडी पालथी पडली आहे ना, ती मी. माझं तोंड जमिनीकडे आहे, त्यामुळे आवाज जरा घुमतो. समजून घ्या.

कारखान्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वाकवून आणि रिबिटी ठोकून मला बनवलं. कागदाच्या गिरणीत काम करणाऱ्या व्हर्लन स्टर्डिव्हंटने मला अलाबामातल्या या तळ्यावर आणलं, त्याला आता चाळीस वर्षं झाली. माझा तळ सपाट. गुडघाभर पाण्यातही मी सरसर जाते. "पिसासारखी हलकी आहे माझी पोरगी," असं व्हर्लन धक्क्यावर सगळ्यांना सांगायचा, आणि मी फुलून जायची.

या तळ्यात बास मासा पुष्कळ. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, आणि उन्हाळ्यात भलता चतुर. सकाळी तो काठाच्या कमळपानांखाली असतो. ऊन चढलं की तिथे त्याचा मागमूस नसतो. धरण बांधलं तेव्हा इथला जुना रस्ता आणि त्यावरचा पूल पाण्याखाली गेला. दहानंतर सगळे मोठे बास त्या पुलाच्या सावलीला उतरतात. पूल वरून दिसत नाही. काठावरच्या चर्चच्या मनोऱ्यामागे गावातली पाण्याची उंच टाकी बरोबर दडली, की आपण पुलावर आलो. हे गणित फक्त व्हर्लनला ठाऊक होतं.

मग त्याची नजर अधू होऊ लागली. आधी टाकी दिसेनाशी झाली, पुढच्या वर्षी मनोरा. तेव्हा त्याची बायको इडेला पहिल्यांदा माझ्यात बसली. शाळेच्या भटारखान्यात जन्म घालवलेली ही बाई पाण्याला भारी भ्यायची. दोन्ही हातांनी तिने माझ्या कडा अशा धरल्या, की मलाच दुखलं.

"टाकी लपली का मनोऱ्यामागे?"

"लपली."

"नक्की? की उगाच हो म्हणतेस?"

"तू मासे मारत बसायचास आणि मी एकटी चर्चला जायची, व्हर्लन. मनोरा मला चांगला ओळखता येतो!"

त्या उन्हाळ्यात ती बरंच काही शिकली. गळाला लावलेला रबरी किडा तळापर्यंत सोडायचा, हळूच ओढायचा, दोरीला बारीकशी टिचकी बसली की झटका द्यायचा. तिने पहिला बास काढला, तेव्हा इतकी हसली की व्हर्लन म्हणाला, "अगं बाई, हळू! सगळं तळं पळून जाईल."

माझ्यात दोन केशरी जाकिटं होती, बुडू न देणारी. फळी टोचते म्हणून दोघं त्यांवर बसायची. अंगात कुणी घातली नाहीत.

जुलैतली सकाळ होती, अकराचा सुमार. व्हर्लनच्या गळाची काठी अचानक कमानीसारखी वाकली. "मोठा आहे! मोठा आहे!" म्हणत तो उभा राहिला. माशाने माझ्याखालून मुसंडी मारली, व्हर्लन वळला, पाय घसरला आणि तो पाण्यात पडला.

त्याच वेळी वारा उठला. मित्रांनो, मी हलकी ना! वाऱ्याने मला कागदासारखं दूर ढकललं. मला थांबायचं होतं. पण होडीला कुठे थांबता येतं? इडेलाने माझ्या मागच्या टोकाला बसवलेलं यंत्र सुरू करायला त्याची दोरी पुन्हा पुन्हा ओढली, ते खोकलं आणि गप्प झालं. वल्ही मारली तर मी गरगर फिरले. तिने दोन्ही जाकिटं त्याच्याकडे फेकली. त्याला ती दिसलीच नाहीत. ती वाऱ्याबरोबर निघून गेली.

मग तिने नांगर टाकला आणि ओरडू लागली, "इकडे! व्हर्लन, माझ्या आवाजाकडे ये!"

तो आला. कसा आला, देव जाणे. माझी कड त्याने पकडली आणि इडेलाने त्याचं मनगट. पण त्याला वर ओढलं की मी कलंडायची आणि पाणी आत यायचं.

"सोड, बाई. उलटेल ही."

"गप्प बस. बोलून दम घालवू नकोस."

अर्धा तास ती मदतीसाठी हाका मारत होती आणि मी त्याच्या वजनाने न कलंडायची धडपड करत होते. शेवटी पलीकडच्या काठावरून ओलन टिडवेल नावाचा शेजारी आपली मोठी होडी घेऊन धावत आला. त्याने व्हर्लनला बाहेर काढलं. व्हर्लनच्या मनगटावर इडेलाच्या बोटांचे निळे वळ आठवडाभर होते.

हिवाळ्यात त्याची दृष्टी पुरती गेली. "आता पाण्यावर जाणं बंद," इडेला म्हणाली. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला.

आता तो रोज काठी टेकत येतो आणि माझ्या पाठीवर बसतो. इडेला शेजारी वाटाणे सोलते.

"दहा वाजले असतील. पुलाखाली उतरले असतील आता."

"असतील."

परवा ओलन आला होता. "वहिनी, मी नेतो त्याला. माझी होडी जड आहे. जाकीट मी स्वतः घालीन त्याच्या अंगात, बंद आवळून."

"त्याला ऊन सोसत नाही," इडेला म्हणाली. भर उन्हात बसलेल्या व्हर्लनने मान खाली घातली. ती मात्र सोललेले दाणे सालांच्या ढिगात टाकत होती. मी तिला दोष देत नाही. ते मनगट तिने धरलं होतं, मी नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. माझ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे, करू दे. पण पाण्यावर जाल तेव्हा जाकीट अंगात घाला, बुडाखाली नको. आणि तुमच्या घरात कुणाचे डोळे गेले असतील, तर त्याला काळजीपोटी अंगणात बसवून ठेवू नका. त्याला अजून सगळं तळं पाठ असतं.

हे मी व्हर्लनच्या घरात सांगू शकत नाही. दुपारी पत्रा तापला की मी तडतडते, तेवढंच माझं बोलणं. कालही तडतडले, होता नव्हता तेवढा जोर लावून. व्हर्लनने माझ्यावर तळवा ठेवला.

"इडेला, ही काहीतरी म्हणतेय गं."

"पत्रा तापलाय, व्हर्लन," ती म्हणाली. "चल आत."