चेड्याचा वाटा

माजिवड्याची होडी सलग तीन नारळी पौर्णिमांना हरली, आणि तिन्ही वेळा एकाच जागी. बाळकुमच्या धक्क्यावरून सुटताना ती कुणाला ऐकायची नाही. निम्म्या वाटेपर्यंत सिल्वेस्टरची होडी मागेच असायची. मग तिवरांचं वळण यायचं आणि गडी एकदम ढेपाळायचे. श्वास पुरायचा नाही, तोंडाला कोरड पडायची, पोटऱ्यांत गोळे यायचे. सिल्वेस्टर हा पलीकडच्या पाड्यातला किरिस्ताव शेतकरी. त्याची माणसं काही भीमाच्या वंशातली नव्हती. पण ती आपली एका लयीत वल्ही मारत शेजारून निघून जायची आणि कोलशेतच्या बंदराला आधी लागायची.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वळणावर चेडा होता. एरवी हे दैवत कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण मानपान चुकला की ते होडीवर येऊन बसतं, असं काळुराम तांडेल सांगे. होडीचं सुकाण त्याच्या हातात, त्यामुळे धर्मही त्याच्याच हातात. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो वाळूत माडीचं मडकं मांडी. पहिली करवंटी चेड्याला. बाकीचं मडकं आठ गड्यांनी प्रसाद म्हणून संपवायचं, थेंब उरला तर देवाचा अपमान. होडी हरली की मडकं लहान पडलं असा निवाडा होई आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठं येई. चौथ्या वर्षीचं मडकं उचलायला दोन माणसं लागणार होती. धन्य त्या भक्तीची!

आठांतल्या आनंदाला मात्र यातली एक गोष्ट तीन वर्षं छळत होती. वळणावर चेडा सगळ्यांना धरतो, मग मला का धरत नाही?

कारण खरं तर त्यालाच धरायला हवं होतं. माडी त्याला सोसतच नसे, घोट पोटात गेला की उलटून पडे. आगऱ्याच्या पोटी जन्मून हे सांगायचं कुणाला? म्हणून तो करवंटी ओठाला लावी, मान वळवी आणि मांडीआडच्या वाळूत सोडून देई. होडी हरली की घरी येऊन तो जेवत नसे. पाप आपलंच, असं त्याला मनापासून वाटे.

काळुरामलाही पाप आनंदाचंच वाटत होतं, फक्त त्याचा हिशेब वेगळा होता. आनंदाचा बाप वारला आणि त्याच्या जागी आनंदा बसला, तेव्हापासून होडी जिंकलेली नव्हती. यंदा तर त्याने चारचौघांत बजावलं, "तुज्या बापाचं वल्हं हाय म्हनून गप हाय मी. यंदा हरलो, तर ते भिवाला."

बापाच्या हाताने गुळगुळीत झालेलं ते वल्हं. तेच आता जाणार होतं.

त्याच्या बायकोला, तुळसाला, सांडलेल्या माडीची गोष्ट ठाऊक होती. ती म्हणाली, "मी चेडा असते ना, तर आधी तुलाच धरला असता."

"तेच तर मना कलत नाय."

वैशाखात भिवाच्या भावाची हळद झाली. हळदीला माडी वाहिली हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सगळे मिठागरात टोपल्या वाहायला आले. भिवा म्हणजे होडीत जागा मिळायची वाट पाहणारा पहाडासारखा गडी, एरवी न टेकता साठ टोपल्या राशीवर नेऊन टाकायचा. त्या दिवशी विसाव्या टोपलीलाच त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. उघड्या छातीत काळीज थाडथाड उडताना लांबून दिसत होतं. हात थरथरत होते, आणि पाणी कितीही प्यायला तरी तहान जात नव्हती. आनंदा टोपली डोक्यावर घेऊन बघतच राहिला. वळणावर दिसायची तीच लक्षणं, पण वळण तर इथून कोसभर लांब. आणि दोन दिवसांनी भिवा पुन्हा साठ टोपल्या टाकून शीळ घालत घरी गेला.

आनंदाच्या डोक्यात भुंगा शिरला. नौपाड्याच्या वाटेवर त्याला सिल्वेस्टर भेटला, तेव्हा त्याने सरळ विचारलं, "तुमी शर्यतीच्या आदल्या सांजेला काय पिता?"

"काय नाय," सिल्वेस्टर हसला. "सकाली देवलात मिसाला जायचं असतं. प्यायचं ते जिंकल्यावर. तुमची मेहेरबानी, दरसाल प्यायला मिलते."

राहता राहिली स्वतःवरची परीक्षा. आषाढात एका संध्याकाळी त्याने नाक दाबून तीन करवंट्या माडी रिचवली आणि ती पोटात ठेवण्यासाठी तुळसाचा हात घट्ट धरून बसला. दुसऱ्या दिवशी लहान होडी घेऊन तो मुद्दाम वळणाच्या उलट दिशेला, आगगाडीच्या पुलाकडे निघाला. सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. हे तर फार सोपं आहे, असंही मनात आलं. पण निम्म्या वाटेवर दर वल्ह्यासरशी कानशिलं ठणकायला लागली, जीभ टाळूला चिकटली आणि दंडातली ताकद अचानक सरली. इथे ना वळण होतं, ना तिवरं. वरून गाडी धडधडत गेली. आनंदा होडीच्या काठावर ओणवा होऊन ओकला, आणि ओकता ओकता त्याला हसू फुटलं. चेडा कुठे राहतो ते त्याला कळलं होतं.

पण हे सांगायचं तर सांडलेली माडीही सांगावी लागणार. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मडकं आलं, गडी गोल बसले, आणि आनंदा उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. टोपल्या, सिल्वेस्टर, आगगाडीचा पूल. "तांडेल, आज पिऊ नका. दम त्यातच जातो. मी शर्यतीआदी कंदी प्यालो नाय, म्हनून मना काय होत नाय."

काळुरामने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. "तीन वरसं? देवाचा परसाद तीन वरसं वालूत सांडलास?"

त्याचा आवाज इतका चढला की बाया घरातून बाहेर आल्या. आनंदाचं वल्हं तिथल्या तिथे भिवाच्या हातात गेलं. मग काळुराम मडक्यापुढे आडवा पडला आणि नाक घासून म्हणाला, "देवा, आमच्यातल्या मानसानं तुजा अपमान केला. आता हे मडकं सगलं तुजं. आमी एक थेंब घेनार नाय." दोघांनी मडकं उचलून खाडीत रिकामं केलं. गडी तोंडं पाडून घरी गेले आणि भाकरी खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी आनंदा वळणाच्या बांधावर एकटाच उभा होता. सिल्वेस्टरची होडी पुढे होती. वळण आलं. पण माजिवड्याची आठही वल्ही एका दमात पाण्यात पडत होती, आणि भिवा तर गात होता. चार हात मागे असलेली होडी बरोबरीला आली, मग पुढे गेली. आनंदा चिखलात नाचला, ओरडला, आणि मग त्याला कळेना की आपण रडतोय कशाला.

गावाचा निवाडा तयारच होता. पांढऱ्या पायाचा उतरला आणि होडी जिंकली!

तिसऱ्या दिवशी काळुराम स्वतः त्याच्या दारात आला. जिंकलेला माणूस मोठ्या मनाचा असतो.

"झालं गेलं खाडीत गेलं," तो म्हणाला. "देवाचा राग फिटला. पुढल्या साली तू ये वल्ह्यावर. मडकं आपन पयल्यासारखं वाटून घेऊ."

आनंदाने तुळसाकडे पाहिलं. बापाचं वल्हं हात लांबवला तर मिळत होतं. आणि आठ माणसांचा दम पुन्हा त्याच मडक्यात बुडणार होता. खरं सांगून काय झालं, ते त्याने पाहिलं होतं.

"नाय फिटला, तांडेल," तो हळूच म्हणाला. "पहाटे सपनात आलेला. लय तापलेला हाय."

काळुराम चपापला. "काय बोल्ला?"

"बोल्ला, मडकं सगलं माजं. आनि तू काठावरच ऱ्हा."

"किती वरसं?"

"त्ये नाय बोल्ला," आनंदा म्हणाला.