दंडातला उंदीर

शिरूरच्या एका खासगी क्लासात प्रतिभा बारावीला इंग्रजी शिकवायची. एकदा धड्यात 'मसल' शब्द आला. तिनं सहज सांगितलं, शब्द मूळचा लॅटिन, अर्थ छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून.

पोरांना तेवढंच पुरलं. स्टँडजवळच्या जिमवर 'मसल किंग पृथ्वीराज' असा बोर्ड होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'उंदरांचा राजा'.

हे क्लासातून आलंय हे कळताच दुसऱ्या दिवशी जिमवाला पृथ्वीराज दोन गडी घेऊन थेट वर्गात घुसला. "मला उंदीर कोण म्हणालं?"

"तुम्हाला कुणीच नाही. मी शब्दाचा अर्थ सांगितला."

"शब्द माझ्या बोर्डावर हाय. मग ते मलाच लागतंय न्हवं?"

प्रतिभानं डिक्शनरी उघडून पुढं धरली. त्यानं पानाकडं बघितलंही नाही, हाताच्या फटक्यानं पुस्तक खाली पाडलं. "मला इंग्रजी शिकवू नका!"

"बरं, मराठीत सांगते. दंड फुगवला की आपण काय म्हणतो? बेडकुळी. तो बेडूकच की."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पृथ्वीराजनं लाथ घालून बाक उलटवला. "आता बेडूक व्हय?"

आवाज ऐकून क्लासचे मालक बाळासो धावत आले. "दादा, तुम्ही बसा. मॅडम, सॉरी म्हणा, मिटवून टाका."

तीन वर्षं ती या माणसाचा क्लास ओढत होती. पृथ्वीराजपेक्षा त्यांचाच राग तिला जास्त आला. "आधी त्यांना पुस्तक उचलायला सांगा," ती म्हणाली.

बाळासो स्वतःच वाकून पुस्तक उचलायला लागले.

"ही बाई उद्या हितं दिसली तर क्लासला कुलूप लावीन," असं बजावून पृथ्वीराज गेला. संध्याकाळी बाळासोंचा मेसेज आला, परीक्षा होईपर्यंत येऊ नका.

सामान घेऊन ती स्टँडवर आली, तेव्हा पृथ्वीराज जिमच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. "निघाला व्हय, मॅडम?"

"तुम्हाला भिऊन नाही. त्या भित्र्याकडं मला राबायचं नाही, म्हणून निघाले." एवढं बोलून ती आपल्या गावच्या, तळेगावच्या गाडीत चढली.

जूनमध्ये तिनं तळेगावात घरीच शिकवणी सुरू केली. शिरूरहून एकटी धनश्री यायची, बाळासोंच्या क्लासातली, यंदा बारावीला आलेली. तिच्याकरवी बाळासोंनी निरोप धाडला, परत या, पगार वाढवतो.

"त्यांना म्हणावं," प्रतिभा म्हणाली, "माझं नावसुद्धा घेऊ नका."