बावीस पॉइंट पाच

गजेंद्रचा फोन आला तेव्हा मंजुषा बालाघाटच्या घरी दुपारचं जेवण झाकून ठेवत होती. बैहरच्या जंगलात बांबूच्या मोजणीला गेलेल्या नवऱ्याचा आवाज तिला आधी ओळखूच आला नाही.

"मोटरसायकल नाल्यात गेली... पाय दबला माहा. जागा दाखवणाऱ्या यंत्रावरचे आकडे वीरेंद्रले सांग. बावीस पॉइंट..." मध्येच खरखर झाली. "...पाच. ऐंशी पॉइंट पंचावन्न."

फोन कटला, तो पुन्हा लागलाच नाही.

गजेंद्रसोबत काम करणारा वीरेंद्र बैहरलाच होता. तिने फोनवर सांगितलेले आकडे त्याने मोबाईलच्या नकाशात टाकले.

"वहिनी, हे तर मंडल्याकडे दाखवून राह्यलं. तिकडे काहून गेला तो?"

"मले काय माहीत! जा नं भाऊ लवकर!"

जीप निघाली. मंजुषा दारात जाई, आत येई, पुन्हा दारात जाई. उन्हं कलली तेव्हा वीरेंद्रचा फोन आला.

"इथं नुसती शेतं आहेत, वहिनी. ना नाला, ना गाडी."

सकाळी बैहरहून निघालेला माणूस इतक्या लांब जाईलच कशाला? तिने स्वतःच्या मोबाईलवर नकाशा उघडला. बैहर बावीस पॉइंट दहावर होतं. मग पाच तर दहाच्या अलीकडे हवं! आणि तिला कळलं. पॉइंटनंतर नुसतं पाच म्हणजे पन्नास, अर्धा अंश, दहाच्या कितीतरी पुढे. त्या खरखरीत एक शून्य गेलं होतं.

"परत फिरा!" ती ओरडली. "शून्य पाच! बावीस पॉइंट शून्य पाच! तो बैहरजवळच पडलाय, भाऊ!"

पलीकडून जीप वळवल्याचा आवाज आला.

तिने बैहरच्या पोलिसांनाही फोन केला. रडत रडत तेच आकडे पुन्हा पुन्हा सांगितले. पोलीसच आधी पोचले. गजेंद्रचा श्वास चालू होता, पण गाडीखालचा पाय काळानिळा पडला होता. गोंदियाला नेल्यावर डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "एवढा उशीर काहून झाला?"

तिने सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"मी शून्य म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हौ. मले ऐकू नाही आलं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मंजुषा पलंगाजवळ तशीच उभी राहिली. बसायला स्टूल होतं, पण बसायचा धीर तिला झाला नाही.