धुरपताबाईंचा उजवा हात

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत कोनमापक असतो ना, त्याचा मी म्हातारा चुलता. स्क्रूने जोडलेल्या दोन स्टीलच्या पट्ट्या आणि मध्ये आकड्यांची चकती, एवढाच माझा जीव. पण मी कागदावर नाही, माणसांच्या अंगावर कोन मोजायचो. कुणाचा गुडघा किती वाकतो, कुणाचा खांदा किती उठतो हे मी सांगायचे आणि डॉक्टरांनी त्यावरून अपंगत्वाचे टक्के काढायचे. चाळीस भरले की सरकारचा महिन्याचा पगार, कमी पडले की घरी. "हा कधी खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणायचे आणि मी फुगायचो. काय मिजास होती माझी!

लातूर नवा जिल्हा झाला होता. पावसाने मात्र सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. निलंग्याजवळच्या एका शाळेत तपासणीचे शिबिर भरले, तिथे धुरपताबाई आल्या. विहिरीची दरड कोसळून त्यांचा उजवा खांदा निकामी झालेला. नवरा वारलेला, पदरी दोन लेकी. दुष्काळी कामावरूनही मुकादमाने परत पाठवले होते. आता या पगाराचीच आशा होती.

"हात वर करा, बाई."

बाईंनी दात आवळून हात चढवला. मी दंडाला टेकलेलो होतो, खांद्याची थरथर माझ्या पट्टीत उतरली. पण चकतीवर थरथरीचा आकडा नसतो. मी आपला शंभर अंशांच्या पुढे सरकलो; कोन मोठा, म्हणजे अपंगत्व कमी. डॉक्टरांनी तीस टक्के लिहिले.

"चाळीस लागतात. बसत नाही, बाई."

"आवं डाक्टरसाब, मी तर लई जोर लावला!"

"जोर कशाला लावलात?"

"मुकादम हात बघूनच कामावर घेतोय. चांगला हाय म्हणून दावायची सवयच लागली. परत मोजा की, आता न्हाई लावत जोर."

"आता कमी दाखवाल, तर मी खरं कसं मानू?"

बाई उठल्या. दाराशी डोक्यावरचा पदर घसरला. तो त्यांनी डाव्या हाताने ओढला आणि दातात धरला. उजवा हात उठलाच नाही. डॉक्टरांची मान कागदात होती. मी मात्र टेबलावरून सगळे पाहिले.

आज मी कपाटात गंजत पडलोय. मी खोटं बोललो नाही मित्रांनो, तरी लाज वाटते. दोन लेकींच्या तोंडचा घास माझ्या आकड्याने गेला. मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी त्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसलात, तर माझ्यासारखं यंत्र हातात घेण्याआधी एवढंच विचारा, "बाई, घरी पदर कुठल्या हाताने घेता?"