नलिनीनं काय करावं

देऊळघाटच्या देशमुखांची शालूबाई वाचायला बसली की लिहिणाऱ्याची काही खैर नसे. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या नकाशात गावाला ठिपकासुद्धा नव्हता, पण भगवंतराव मास्तरांकडे पुण्याचं एक मासिक येई आणि त्यात दर महिन्याला दोन पानं प्रेमाची चित्रकथा असे. पानावर सहा चौकटी, प्रत्येकीखाली दोन ओळी. मास्तर अंक महादेवरावांच्या ओसरीवर आणून देत, आठवड्यानं परत न्यायला येत, आणि तेव्हा महादेवरावांची ही बहीण दाराआडून आपलं मत सांगे. देशमुखाची बाई ओसरीवर येत नसे. तिच्या जिभेला मात्र उंबरठा ठाऊक नव्हता.

कथेत नलिनी नावाची तरुण विधवा होती आणि समोरच्या माडीवर मनोहर राहायचा. मनोहर खिडकीत उभा राही. सात महिने झाले, खिडकीतच होता.

"या मानसाले काही कामधंदा नाही का, मास्तर?" शालूबाई विचारी. "अन् नलिनीच्या हातात पहिल्या चौकटीत बांगड्या नाहीत, चौथ्या चौकटीत आहेत. चित्र काढनाऱ्याचं ध्यान कुठी होतं?"

मास्तर खळखळून हसत. महादेवराव बहिणीचं कौतुक लपवायला खाली मान घालून सुपारी कातरत.

शालूबाई नवव्या वर्षी विधवा झाली होती, आता चोविसावं लागलं होतं. कुणब्यात विधवेचा पाट लागतो, तिचा पुन्हा संसार होतो; देशमुखात लागत नाही. म्हणून तो विषय घरात कधी निघालाच नाही. मास्तरही एकटेच. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी पटकीनं गेलेली. त्यांच्या वहाणा वाजल्या की शालूबाईची तव्यावरची भाकर करपायची, पण का, ते ती स्वतःलाही सांगत नसे. चित्रातल्या बांगड्या मोजणाऱ्या या शहाणीला एवढंही दिसलं नाही, की मास्तर आधी तिला 'शालूताई' म्हणत आणि दिवाळीपासून 'शालूबाई' म्हणू लागले होते.

सातवा अंक न्यायला आले तेव्हा मास्तर हसले नाहीत. पाणीही घेतलं नाही. महादेवरावांची सुपारी संपली तरी अडकित्ता चालूच होता.

"शालूबाई," मास्तर दाराकडे न बघता म्हणाले, "पुढल्या अंकात मनोहर तिला मागणी घालणार, असं दिसतं. नलिनीनं काय करावं?"

शालूबाईला चेवच आला. "नाही म्हनावं! ज्याच्या तोंडातून सात महिने शब्द निंगत नाही, त्याच्या घरी कोन जाईन? असा मानूस लग्नाचा नसते, मास्तर. नलिनी हाव म्हनीन त मी ही गोष्ट हातात धरनार नाही."

अडकित्ता थांबला. मास्तरांनी अंक उचलला, "बरोबर आहे," म्हणाले आणि गेले.

ते पुन्हा आले नाहीत. महिन्याभरात त्यांनी मेहकरकडे बदली करून घेतली. शालूबाई वाट बघत राहिली, आणि ते कुणाला कळू नये म्हणून घरभर चिडचिड करत राहिली.

वैशाखात बातमी आली, मास्तरांचं लग्न झालं. विमल वहिनी डाळ निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. तुमच्या नकारानं लई खचले होते म्हने."

"माह्या कोनत्या नकारानं?"

वहिनीचे हात सुपातच राहिले. मग तिनं सारं सांगितलं. मास्तरांनी आधी महादेवरावांना विचारलं होतं. भाऊबंद वाळीत टाकतील हे ठाऊक असूनही महादेवराव हो म्हणाले होते. फक्त तिच्यावर जबरदस्ती नको, म्हणून त्यांनीच मास्तरांना सुचवलं होतं, की गोष्टीतून बोलता तसं गोष्टीतूनच विचारा.

महादेवराव जेवायला आत आले तेव्हा शालूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, म्या त त्या कागदावरच्या मानसाले म्हनलं होतं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मले वाटलं, तुले समजलं. एवढी हुशार तू..."

शालूबाईनं तोंडात पदर कोंबला. मास्तर तिचे कुणीच नव्हते, आणि कुणी नसलेल्या माणसासाठी देशमुखाच्या बाईला रडता येत नाही. तिला ते ठाऊक होतं, महादेवरावांनाही होतं. ते उठले, भर दुपारी त्यांनी पुढचं दार लावून आतून अडसर घातला आणि बहिणीजवळ येऊन बसले.

"रड आता, शालू," ते म्हणाले. "मोठ्यानं रड."